स्क्रीन मोठी, चित्र छोटं



मराठी विभागाकडे दरवर्षी पाऊस, आई, मैत्री आणि 'होस्टेलचे ते दिवस' या चार विषयांवर पोत्याने साहित्य येतं, असं संपादक मंडळातली एक मैत्रीण सांगत होती. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे कवितेच्या वाटेला जायची माझी हिंमत नाही. पण आमच्या विंगमध्ये रात्री अकरा वाजता ज्या कारणासाठी माझ्या दारावर सर्वात जास्त थापा पडतात, त्यावर मात्र मी लिहू शकते. तक्रार एकच. "ताई, मॉनिटर मोठा आहे, पण चित्र पूर्ण येत नाही."

कुणाच्या स्क्रीनवर चारही बाजूंनी काळी चौकट असते, जणू फोटो फ्रेममध्ये घातलाय. कुणाला फक्त डावी-उजवीकडे काळे पट्टे दिसतात. कुणाचं उलटंच, म्हणजे चित्र इतकं मोठं की खालचा टास्कबार अर्धा कापला जातो आणि स्टार्टचं बटण अंदाजाने दाबावं लागतं. आणि कुणाचं सगळं चित्र एका बाजूला सरकलेलं. वरवर बघता हे सगळे एकाच आजाराचे पेशंट वाटतात. पण प्रत्येकाचं कारण वेगळं आणि औषधही वेगळं. त्यामुळे "रिस्टार्ट करून बघ" हा आपला राष्ट्रीय उपाय इथे फारसा चालत नाही.

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी करून बघा. त्यांना स्क्रूड्रायव्हर लागत नाही की इंटरनेट.

पहिली, माउसची. पॉइंटर हळूहळू काळ्या भागाकडे न्या. तो जर चित्राच्या कडेलाच अडला, तर कॉम्प्युटरच्या मते त्याचा डेस्कटॉप तिथेच संपतो आहे. काळा भाग त्याच्या हद्दीतच नाही. अशा वेळी दोष बहुतेक सेटिंगचा असतो. पॉइंटर जर काळ्यात शिरून दिसेनासा झाला, तर कॉम्प्युटर तिथे चित्र पाठवतोय पण ते उमटत नाही, आणि मग पॅनलवर संशय घ्यायला जागा आहे. (त्याआधी प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर एक्स्टेंडवर राहिलेला नाही ना, हे बघून घ्या. नाहीतर पॉइंटर तिकडे फिरायला गेलेला असतो आणि आपण इकडे पॅनलच्या नावाने रडत बसतो.)

दुसरी, मॉनिटरच्या मेनूची. मॉनिटरखालच्या बटणांनी जो मेनू उघडतो तो कॉम्प्युटर काढत नाही, मॉनिटरमधली चिप स्वतः काढते. बऱ्याच मॉनिटरमध्ये हा मेनू स्क्रीनवर हवा तिथे सरकवता येतो. तो काळ्या भागात न्या. तिथे तो स्वच्छ दिसला, तर पॅनलचा तो भाग ठणठणीत आहे. बस्स, विषय संपला. मग कुणी काहीही सांगो.

तिसरी, स्क्रीनशॉटची. स्क्रीनशॉट म्हणजे चित्र केबलमध्ये जाण्याआधीची कॉम्प्युटरची स्वतःची प्रत. तो काढा आणि फाइलची मापं बघा. मॉनिटर १९२० बाय १०८० चा आहे, स्क्रीनशॉटही तेवढाच आहे, त्यात काळी चौकट नाही, तरी डोळ्यांना चौकट दिसते आहे, तर गडबड त्यानंतरच्या वाटेवर आहे. स्क्रीनशॉटच १०२४ बाय ७६८ निघाला, तर गडबड विंडोजपाशीच आहे.

या तीन चाचण्या मी इतक्या जोर देऊन का सांगतेय, ते सांगते. गेल्या सेमिस्टरला आमच्या मजल्यावरच्या एका फर्स्ट इयरच्या मुलीने गावातून जुना पीसी आणि साडेएकवीस इंची मॉनिटर घेतला. हिंगोलीकडची मुलगी. घरी सोयाबीनचे पैसे यायचे होते, त्याआधीच वडिलांनी कुठून तरी उसने आणून दिले होते. रूमवर आणून जोडला तर चारही बाजूंनी काळी चौकट. डाव्या-उजव्या बाजूला साधारण सव्वा सेंटिमीटर, वर-खाली पाऊणपेक्षा थोडी कमी. अक्षरंही जराशी पुसट. तिने रिझोल्यूशन बघितलं तर ते १९२० बाय १०८०, पुढे 'रेकमेंडेड' असं लिहिलेलं. म्हणजे पुस्तकी उत्तर बरोबरच होतं! मग ती मॉनिटर ओढणीत गुंडाळून दुसऱ्या एका दुकानात घेऊन गेली. त्यांनी जोडूनही न बघता सांगितलं, "कडेने पॅनल गेलंय, अठ्ठावीसशे लागतील." मॉनिटर घेतला होता पस्तीसशेला.

ती माझ्याकडे आली तेव्हा घरी फोन करायच्या बेतात होती. "ताई, बाबांना काय सांगू?" एवढंच दोनदा म्हणाली.

पॉइंटर चित्राच्या कडेला अडला. मेनू कोपऱ्यात नेला तर काळ्या पट्ट्यावर लख्ख दिसला. स्क्रीनशॉट पूर्ण १९२० बाय १०८०. पॅनल अगदी सुखरूप होतं. तिच्या पीसीत एएमडीचं ग्राफिक्स कार्ड होतं आणि जोडणी एचडीएमआय केबलने. मग फार शोधावं लागलं नाही. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जच्या चाकावर क्लिक करून डिस्प्ले या पानावर गेलं की 'एचडीएमआय स्केलिंग' नावाची एक सरकपट्टी सापडते. ती शून्यावर नेली आणि चित्र चारही कडांना जाऊन टेकलं. खर्च शून्य. तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, त्याचं वर्णन करायला मात्र संपादकांच्या कवी मंडळींनाच बोलवावं लागेल.

आता प्रश्न असा, की ही सरकपट्टी मुळात कुणी कशाला ठेवली? चांगलं चाललेलं चित्र लहान करण्यात कार्डवाल्यांना काय सुख? याचं उत्तर आपल्या आईबाबांच्या लहानपणीच्या टीव्हीत आहे आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो.

जुना टीव्ही म्हणजे काचेची मोठी नळी, सीआरटी. मागून इलेक्ट्रॉनचा झोत यायचा आणि बाहेरच्या कॉइल त्याला डावीकडून उजवीकडे, वरून खाली ओढत रेषारेषांनी चित्र काढायच्या. भारतात जी पद्धत होती तिच्यात एका चित्राच्या ६२५ रेषा, त्यातल्या ५७६ रेषांवर प्रत्यक्ष चित्र. पण हे ओढणं काही मायक्रोमीटरने मोजून होत नव्हतं. कडेला चित्र वाकडं व्हायचं, घरातला व्होल्टेज पडला की आक्रसायचं, टीव्ही जुना झाला की आणखी सरकायचं. काचेच्या मापाइतकंच चित्र काढलं असतं तर रोज संध्याकाळी कुठल्यातरी कडेला काळी फट दिसली असती. म्हणून कंपन्यांनी सोपा मार्ग काढला. चित्र काचेपेक्षा थोडं मोठंच काढायचं आणि कडा चौकटीच्या आड जाऊ द्यायच्या. याला म्हणतात ओव्हरस्कॅन. कार्यक्रम करणाऱ्यांनाही हे माहीत असायचं, त्यामुळे नावं, आकडे, बातम्यांची पट्टी असलं सगळं ते कडेपासून आत ठेवायचे. आपण सगळे अनेक वर्षं चार बोटं कापलेलं चित्र बघत होतो आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

पुढे सपाट पॅनल आलं. यात झोत नाही, कॉइल नाही. १९२० उभे स्तंभ आणि १०८० आडव्या ओळी कारखान्यातच पक्क्या झालेल्या. एक पिक्सेल आला की एक ठिपका पेटला. ओव्हरस्कॅनची गरजच संपली. पण सवय गेली नाही! बरेच टीव्ही एचडीएमआयवरून आलेलं चित्र आजही आपणहून थोडं मोठं करतात आणि कडा कापतात. कॉम्प्युटर टीव्हीला जोडला की टास्कबार कापला जातो, तो त्यामुळे.

आता कार्ड बनवणाऱ्यांनी विचार केला की एचडीएमआयला जोडलंय म्हणजे तो टीव्हीच असणार, टीव्ही कडा कापणार, तर आपण आधीच चित्र थोडं लहान करून पाठवू. हा अंडरस्कॅन. टीव्हीने मोठं केलं की हिशोब बरोबर जमतो. मेसच्या मावशींचं असंच असतं. पापड खारट आहे म्हणून त्या भाजीत मीठ कमी घालतात. पण ज्या दिवशी पापड संपतात त्या दिवशी भाजी अळणी! मॉनिटर म्हणजे पापड नसलेला दिवस. तो कडा कापत नाही, जे येतं ते इमानदारीत दाखवतो, आणि मग आधीच लहान केलेलं चित्र काळ्या चौकटीत बसलेलं दिसतं.

अक्षरं पुसट का होती, तेही यातूनच कळतं. पाच टक्के अंडरस्कॅन म्हणजे १९२० पिक्सेलचं चित्र १८२४ पिक्सेलमध्ये कोंबायचं आणि १०८० चं १०२६ मध्ये. ९६ स्तंभ कुठेतरी एकमेकांत मिसळावेच लागतात. डावी-उजवीकडे ४८-४८ पिक्सेल काळे, वर-खाली २७-२७. साडेएकवीस इंची मॉनिटरवर पट्टीने मोजलं तर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास आणि पाऊणच्या थोडं आत. त्या मुलीच्या मॉनिटरवर हेच माप होतं. चारही बाजूंनी चौकट, आणि उभ्या पट्ट्या आडव्यांपेक्षा जाड, असं दिसलं की माझा पहिला संशय अंडरस्कॅनवर जातो. एक सूचना. ड्रायव्हर अपडेट झाला की ती सरकपट्टी कधीकधी परत मूळ जागी जाते. तेव्हा घाबरू नका, पुन्हा शून्यावर न्या. त्याच कार्डातून डिस्प्लेपोर्टने जोडलं तर बहुधा हा त्रास होतच नाही.

एनव्हिडियाच्या कार्डात हेच काम त्यांच्या कंट्रोल पॅनलमधल्या 'ॲडजस्ट डेस्कटॉप साइज अँड पोझिशन' या पानावर होतं, इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये त्यांच्या कमांड सेंटरच्या डिस्प्ले पानावर 'स्केल' या नावाने. रास्पबेरी पायवर प्रोजेक्ट करणाऱ्यांना काळी चौकट हमखास भेटते, विशेषतः जुनी सिस्टिम असेल तर. तिथे कॉन्फिग नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये 'डिसेबल ओव्हरस्कॅन' ची एक ओळ असते. तिची किंमत १ करायची आणि पाय रिस्टार्ट करायचा.

टीव्ही कापत असेल तर उलट. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, टीव्हीचा रिमोट घ्यायचा. पिक्चर साइज किंवा आस्पेक्ट रेशो नावाच्या मेनूत एक पर्याय असतो, फक्त प्रत्येक कंपनीने त्याचं बारसं वेगळं केलंय. सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', एलजीमध्ये 'जस्ट स्कॅन', सोनीमध्ये 'फुल पिक्सेल'. काही टीव्हींमध्ये त्या एचडीएमआय इनपुटला 'पीसी' असं नाव दिलं की टीव्ही आपणहून शहाण्यासारखा वागतो. पण हा पर्याय नसलेलेही टीव्ही असतात. तिथे कार्डाची सरकपट्टी वापरून चित्र मुद्दाम लहान करावं लागतं. म्हणजे ती पट्टी अगदीच निरुपयोगी नाही!

ओव्हरस्कॅनने आमच्या होस्टेलवर एकदा जरा गंभीर प्रसंग आणला होता. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्र ऑफिसमधल्या एका जुन्या टीव्हीवर दिसतं. एका मुलीची रात्रीची एंट्री उशिराची धरली गेली. ती म्हणत होती की मी दहाच्या आत आले. वहीतली वेळ दहा वाजून पाच मिनिटं, कारण वही काकांनी नंतर भरली होती. टीव्हीवर रेकॉर्डिंग लावलं तर वेळ छापलेली ओळ अगदी वरच्या कडेला, आणि टीव्हीने नेमकी तीच अर्धी कापलेली. आठ की नऊ की शून्य, काही कळेना. रेक्टर मॅडमनी विचारलं, "रेकॉर्डिंगमध्येच कापलं गेलंय का गं?" नाही. कापतो टीव्ही, रेकॉर्डिंग पूर्णच असतं. क्लिप पेन ड्राइव्हवर घेऊन ऑफिसच्या पीसीवर लावली तर वेळ स्वच्छ दिसली, नऊ अठ्ठावन्न. घरी जाणारं पत्र थांबलं. त्यानंतर टीव्हीची सेटिंग बदलली. काकांना आता वेळ कापलेली दिसली की ते मलाच हाक मारतात.

आता फक्त दोन बाजूंनी काळे पट्टे असतील तर. हे प्रकरण वेगळं, यात कुणी लबाडी करत नाही, हा शुद्ध पाचवीतला गुणोत्तराचा प्रश्न आहे. जुन्या मॉनिटरचा आकार ४:३, आताचा १६:९. तुमचा कॉम्प्युटर १०२४ बाय ७६८ पाठवतोय आणि मॉनिटर १९२० बाय १०८० चा आहे असं धरा. मॉनिटर चित्र वाढवत नेतो. उंची ७६८ ची १०८० झाली की वर जागा संपते. तेवढ्याच पटीत रुंदी १०२४ ची १४४० होते. उरले ४८० पिक्सेल, म्हणजे प्रत्येक बाजूला २४० चा काळा पट्टा. मॉनिटरच्या मेनूतून ते 'फुल' करता येतं, पण मग चित्र रबरासारखं ताणलं जातं आणि सगळे लोक जाडे दिसतात. खरा उपाय म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, आणि तिथे ज्या रिझोल्यूशनपुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय ते निवडणं. (मुलांच्या होस्टेलवर काउंटर स्ट्राइक खेळणारे मुद्दाम ४:३ ठेवतात आणि गेम अर्धवट बंद पडला की डेस्कटॉपही तसाच राहतो. त्यांच्या तक्रारी मी घेत नाही.)

आणि सिनेमा बघताना वर-खाली पट्टे येतात ते सोडून द्या. बरेच सिनेमे २.३९:१ आकाराचे असतात. १९२० रुंदीवर त्यांची उंची साधारण ८०३ च होते. पडदाच तसा आहे. तिथे कुठलीही सेटिंग शोधू नका, बोर्नव्हिटा प्या आणि सिनेमा बघा.

सेमिनारच्या दिवशी मात्र हेच गुणोत्तर घात करतं. अनेक कॉलेजांच्या हॉलमधले जुने प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चे आहेत, म्हणजे ४:३. पॉवरपॉइंट २०१३ पासून नवी स्लाइड १६:९ ची उघडते. ती त्या प्रोजेक्टरवर १०२४ बाय ५७६ मध्ये बसते आणि वर-खाली ९६-९६ पिक्सेल वाया जातात. पडद्याच्या एक चतुर्थांश भागावर अंधार, आणि मागच्या रांगेतल्या एक्स्टर्नलना ग्राफवरचे आकडे वाचता येत नाहीत. कुठला प्रोजेक्टर आहे ते आधी बघून या आणि स्लाइड साइज 'स्टँडर्ड ४:३' करून घ्या, तेही स्लाइड बनवायच्या आधी. नंतर केलं तर सगळे डायग्राम जागेवरून हलतात. आणखी एक. विंडोज आणि पी ही बटणं दाबून 'डुप्लिकेट' निवडलं की लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोघांना मिळून एकच रिझोल्यूशन मिळतं, आणि दोघांपैकी एकाचं चित्र बहुधा स्क्रीन भरत नाही. 'एक्स्टेंड' केलंत तर दोघांना आपापलं माप मिळतं.

आता लॅबकडे वळू. आपल्या जुन्या लॅबमध्ये अजून निळ्या प्लगची व्हीजीए केबल आहे. व्हीजीए आयबीएमने १९८७ साली आणलं, म्हणजे आपल्या बऱ्याच सरांच्या ग्रॅज्युएशनच्याही आधी. त्यात चित्र ॲनालॉग जातं. एक ओळ म्हणजे कमी-जास्त होणारा व्होल्टेज. पिक्सेल कुठे सुरू झाला, कुठे संपला, याची खूण केबलमध्ये नसते. शिवाय प्रत्येक ओळीच्या आधी आणि नंतर थोडा रिकामा वेळ असतो. ६४० बाय ४८० या मूळ व्हीजीए चित्रात एका ओळीला प्रत्यक्षात ८०० पिक्सेलचा वेळ लागतो, त्यातले १६० रिकामे. ही सीआरटीच्या झोताला परत डावीकडे यायला दिलेली सुट्टी. सपाट मॉनिटरला ती नको असते, पण सिग्नल तसाच येतो, आणि रिकामा भाग कुठे संपला हे मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागतं. अंदाज चुकला की चित्र एका बाजूला सरकतं. एका बाजूला काळा पट्टा, दुसऱ्या बाजूला कापलेलं.

त्यासाठी मॉनिटरवर 'ऑटो' नावाचं बटण असतं, हे लॅबमधल्या मामांना केव्हाचं माहीत आहे. पण कधीकधी ते दाबूनही चित्र वाकड्या जागीच बसतं, याचं कारण फार लोकांना माहीत नसतं. ऑटो दाबल्यावर मॉनिटर उजेडाची कड शोधतो. ओळीत पहिला उजळ ठिपका जिथे दिसला तिथे चित्र सुरू झालं, असं तो धरतो. तुमचा वॉलपेपर काळा असेल तर त्याला कड सापडणार कशी? म्हणून आधी नोटपॅड उघडून पूर्ण स्क्रीनभर पसरा, पांढरंशुभ्र, आणि मग ऑटो दाबा. लॅबमधले सहा मॉनिटर आम्ही एका दुपारी असे सरळ केले. मामांनी चहा पाजला.

ज्यांच्या यादीत १९२० बाय १०८० दिसतच नाही, त्यांच्यासाठी थोडं. मॉनिटर जोडला की तो कॉम्प्युटरला आपलं ओळखपत्र देतो. त्याला ईडीआयडी म्हणतात, व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये ठरवलेलं. मूळ पत्र फक्त १२८ बाइटचं. त्यात मॉनिटर कुणी बनवला, कधी बनवला, त्याची स्वतःची मापं काय, असं सगळं असतं. शेवटचा बाइट तपासणीचा, सगळ्या १२८ ची बेरीज २५६ ने भागली की बाकी शून्य यायला हवी. व्हीजीए केबलमध्ये हे पत्र न्यायला स्वतंत्र पिना असतात. पैसे वाचवायला काही स्वस्त केबलमध्ये त्यांच्या तारा घातलेल्याच नसतात, किंवा ओढाताणीत पिन वाकते. मग विंडोजला मॉनिटर ओळखता येत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर' असं परक्या माणसासारखं नाव येतं आणि यादी १०२४ बाय ७६८ च्या आसपास अडते. केबल बदला. शेजारच्या रूमची केबल पाच मिनिटं मागून आणली तरी निदान होतं.

याच पत्रात एक गंमत आहे. मापांच्या एका यादीत रुंदी साठवताना ती आठने भागून साठवतात. १३६६ ला आठने भाग जात नाही, त्यामुळे त्या यादीत १३६६ लिहिताच येत नाही. जुन्या १३६६ बाय ७६८ च्या मॉनिटरवर कधीकधी कॉम्प्युटर १३६० देतो आणि कडेला तीन-तीन पिक्सेलची बारीक काळी रेघ राहते, ती या भागाकारामुळे. तिच्याकडे दुर्लक्ष करा. (आमच्या रूममेटला जमत नाही.)

फॉरमॅट मारल्यावर चित्र बिघडलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर बघा. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' दिसलं तर कार्डाचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो लॅपटॉपच्या किंवा कार्डाच्या कंपनीकडूनच घ्या, पेन ड्राइव्हवर फिरणाऱ्या ड्रायव्हर पॅकमधून नको. त्यासोबत काय काय येतं ते सांगायला वेगळा लेख लागेल.

स्टोअररूममध्ये अजून दोन सीआरटी मॉनिटर आहेत आणि प्रोजेक्टसाठी कुणी ना कुणी ते उघडायचा बेत करतं. त्यांचं चित्र आक्रसलं असेल तर पुढच्या बटणांनी आडवं-उभं माप वाढवून बघा, त्यापलीकडे जाऊ नका. मागचं झाकण काढू नका. रंगीत नळीच्या ॲनोडला वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो बराच वेळ शिल्लक राहू शकतो.

खरोखर पॅनल गेलेलं असेल तर ते लपत नाही. पॉइंटर काळ्या भागात गडप होतो, मॉनिटरचा स्वतःचा मेनूही तिथे कापला जातो, उभ्या रंगीत रेघा दिसतात, केबल काढली तरी पट्टा तिथेच. पूर्ण स्क्रीन काळी असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून बघा. चित्र अंधुक दिसलं तर पॅनल जिवंत आहे, मागचा दिवा गेलाय, आणि तो दुरुस्त होऊ शकतो. पॅनलच गेलं असेल तर जुन्या मॉनिटरमध्ये नवं पॅनल टाकणं सहसा परवडत नाही, हे मात्र खरं.

म्हणून जुना मॉनिटर घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच जोडायला लावा. नोटपॅड पांढरं करून पूर्ण पसरा, पॉइंटर चारही कोपऱ्यांत नेऊन बघा, मेनू एका कोपऱ्यात सरकवा. मग वॉलपेपर पूर्ण काळा करून पुन्हा एकदा बघा, म्हणजे कायम पेटलेले ठिपकेही कळतील. पाच मिनिटांचं काम आहे. दुकानदार "एवढं काय बघता ताई" म्हणेल. म्हणू दे. आणि केबल त्याच्याकडचीच मागून घ्या, पण तिच्या पिना मोजून.